द वायर, सोप्रानोज की ब्रेकिंग बॅड? या अमेरिकन क्राईम मालिकांपैकी एकच निवडायची तर कुठली?

झोपमोड्या
ब्रेकिंग बॅड संपवून महिना झाला आणि तेव्हापासून दुसरं काही बघवतच नाहीये. जो तो म्हणतो द वायर बघ, ती सगळ्यांची बाप आहे. म्हणून लावली, तीन भाग झाले आणि आता गाडी अडकलीय. कोण कुठल्या टोळीचा, कोण कुठल्या साहेबाचा माणूस तेच कळेना, आणि घडत तर काहीच नाही. ड्रग टोळीतला डीअँजेलो हाताखालच्या पोरांना बुद्धिबळ शिकवतो तो सीन तेवढा आवडला. पुढे बघू की सोप्रानोज लावू? आणि खरं सांगा, सगळ्यात भारी कुठली? स्पॉयलर नकोत प्लीज.

चौकस
अरे तोच सीन आवडला ना, मग सोडू नकोस! राजा राजाच राहतो आणि प्यादी पटापट मरतात, पाच सीझनची गोष्ट त्याने तिथेच सांगून टाकलीय.

चौथा भाग बघ. मॅकनल्टी आणि बंक हे दोन डिटेक्टिव्ह एका रिकाम्या स्वयंपाकघरात जुन्या खुनाचा तपास करतात आणि अख्ख्या सीनभर दोघांच्या तोंडी एकच शिवी, बाकी शब्द नाही, तरी गोळी कुठून आली आणि कुठे गेली ते आपल्याला बरोबर समजतं. मग टोळीवाल्यांचा पेजरवर नंबर पाठवायचा कोड येतो. फोनच्या बटणांवर पाचाला ओलांडून समोरचा आकडा घ्यायचा, एकाचा नऊ, दोनाचा आठ, आणि पाच-शून्याची अदलाबदल. इतका साधा कोड आणि पोलीस डोकं खाजवत बसलेत. बरं, टॅपिंगला कोर्टाची परवानगी मिळाली तरी फोनवर संशयितच आहे हे कुणीतरी डोळ्यांनी बघावं लागतं, म्हणून ते गच्चीवर ताटकळत बसतात. तुला जे 'घडत नाही' वाटतंय ते हेच, पोलिसांचं खरं काम असं कंटाळवाणंच असतं.

लिहिणारे लोकही बघ कोण. डेव्हिड सायमन बाल्टिमोरच्या पेपरात क्राईम रिपोर्टर होता, एड बर्न्स तिथलाच डिटेक्टिव्ह आणि नंतर शाळेत मास्तर. चौथा सीझन शाळेवर आहे तो उगाच नाही, आणि टीव्हीवर त्याच्या तोडीचं मी तरी काही बघितलेलं नाही. 2002 ते 2008 चालली आणि एमी पुरस्कार किती? शून्य. 🙏

निवांत
वायर ग्रेट आहे, मान्य, पण ती बघताना मला परीक्षेचा अभ्यास केल्यासारखं होतं. सोप्रानोज लाव. पहिल्या सीझनचा पाचवाच भाग, 1999 चा, त्यामुळे याला स्पॉयलर म्हणू नका: माफियातला टोनी मुलीला कॉलेजं दाखवायला घेऊन जातो, वाटेत एक जुना फितूर दिसतो, आणि हा प्रेमळ बाप मुलीची मुलाखत चालू असताना जाऊन त्याचा गळा आवळून येतो. त्यानंतरही आपण टोनीच्याच बाजूने असतो आणि स्वतःचाच राग येतो. टोनी नसता तर ब्रेकिंग बॅडचा वॉल्टर व्हाईट झालाच नसता असं माझं ठाम मत आहे. शिवाय ती प्रचंड विनोदी आहे हे कोणी सांगतच नाही. शेवटाबद्दल गप्प बसते, लोक अजून भांडतायत.

उलटतपासणी
सगळे ब्रेकिंग बॅडला 'नुसतं थ्रिलर' म्हणून बाजूला सारतात तेव्हा डोकं फिरतं. 62 भागांत आधीच्या कर्माचं फळ पुढे मिळालं नाही असं दाखवा बरं कुठे! आणि हे सगळं आधी ठरवून नाही केलेलं. पाचव्या सीझनच्या सुरुवातीला डिकीत ती मशीनगन दाखवली तेव्हा ती कशाला लागणार हे मालिका बनवणाऱ्या विन्स गिलिगनलाच माहीत नव्हतं, स्वतःच सांगितलंय त्याने. आधी स्वतःला कोपऱ्यात कोंडायचं, मग बाहेर पडायची वाट शोधायची. वायर वास्तववादी आहे म्हणून श्रेष्ठ हे लॉजिक मला पटत नाही, वास्तव बघायचं तर डॉक्युमेंटरी आहेत की.

चौकस
@उलटतपासणी एक माशी मारण्यातच गेलेल्या त्या भागात काय फळ मिळालं म्हणे? 😄

उलटतपासणी
तो बजेट वाचवायला केलेला भाग आहे आणि तरीही त्यात साथीदार जेसीला सगळं सांगून टाकायच्या किती जवळ येतो वॉल्टर! परत बघ.

साधासुधा
द शील्डचं नाव कोणीच घेत नाही?? पहिल्याच भागाचा शेवट बघून हबकला नाहीत तर सांगा. आणि लास्ट एपिसोड या तिघींपेक्षा भारी, त्यातल्या भ्रष्ट पोलीस व्हिक मॅकीला मरण नाही, तुरुंग नाही, शिक्षा म्हणून मिळतं काय तर

निवांत
अहो थांबा, स्पॉयलर!!

साधासुधा
बरं बरं. पण 2008 ला संपलीय हो ती.

झोपमोड्या
काल रात्री चौथा भाग बघितला. तो स्वयंपाकघराचा सीन दोनदा मागे घेऊन पाहिला आणि मग पाचवा, सहावा कधी लागला कळलंच नाही, तीन वाजले. सोप्रानोज नंतर. @साधासुधा शिक्षा काय ते मेसेज करू नका, व्हिक मरत नाही हे तर आता कळलंच आहे मला 😑