बँकॉक-टोकियोच्या गोंडस पिशव्या आणि रंगीत खाऊ: याला प्रवास म्हणायचं की नाही?

वारणाकाठ (सांगली)
आमचा विश्रामबागेतल्या बायकांचा गट बँकॉकला निघालाय. ठिकाणांच्या यादीत प्लॅटिनम मॉल, चातुचाकचा शनिवार-रविवारचा बाजार आणि सयाम स्क्वेअर बघून सोसायटीतल्या एका ज्येष्ठांनी ग्रुपवर लिहिलं, "एवढा खर्च करून मांजराच्या तोंडाच्या पिशव्या आणायच्या? त्यापेक्षा अयुथ्याची देवळं बघा." त्यावर धडाधड अंगठे पडले. मला हे अजिबात पटलेलं नाही, म्हणून इथे मांडते.

देवळं बघायचीच आहेत. पण अयुथ्या म्हणजे थायलंडची जुनी राजधानी, चौदाव्या शतकात वसलेलं शहर. आज तिथली वीस वर्षांची मुलगी काय घालते, कशावर पैसे घालवते, तिला कशाचं हसू येतं, हे भग्न विटांमध्ये कसं कळणार? ते बाजारातच कळतं.

आणि या गोंडस वस्तूंना बालिश म्हणून झटकून टाकणाऱ्यांनी त्या आल्या कुठून तेही बघावं. जपानमध्ये १९७० च्या दशकात शाळकरी मुली गोलगोल अक्षरांत, मध्येमध्ये बदाम आणि चेहरे काढत लिहायला लागल्या. काही शाळांनी त्या अक्षरावर चक्क बंदी घातली. १९७४ मध्ये सॅनरिओ कंपनीने हॅलो किटी हे मांजराच्या तोंडाचं पात्र काढलं. सुरुवातीच्या वस्तूंमध्ये होती चिल्लर ठेवायची एक छोटी पर्स. मोठ्यांनी नाक मुरडलेल्या मुलींच्या आवडीवर एवढा मोठा उद्योग उभा राहिला आणि पन्नास वर्षांनंतरही चालतोय. हे मला एखाद्या किल्ल्याइतकंच बघण्यासारखं वाटतं.

दुसरं म्हणजे, ड्यूटी फ्रीमधून बाटल्या आणि घड्याळं आणणाऱ्या पुरुषांना "देवळं किती बघितलीत?" असं कोणी विचारलेलं मी तरी ऐकलं नाही.

अण्णा तासगाव
ताई, तुमचा राग समजतो, पण मुद्दा बाई-पुरुष असा नाहीच. बाटल्या आणणाऱ्यांनाही मी हेच सांगतो.

तुम्ही म्हणता बाजारात आजची माणसं दिसतात. कुठला बाजार? टोकियोच्या हाराजुकूची ताकेशिता गल्ली घ्या. तिथल्या तरुणांचे रस्त्यावरचे कपडे टिपणारं 'फ्रूट्स' नावाचं मासिक १९९७ ला सुरू झालं आणि २०१७ ला त्याचा छापील अंक बंद झाला. फोटो काढावेत अशी मुलंच आता दिसत नाहीत, असं ते काढणाऱ्या शोइची आओकींचं म्हणणं होतं. पोरं स्वतः कापून-शिवून कपडे घालत होती तो काळ गेला. आता तिथे प्रवासी प्रवाशांचेच फोटो काढतात. त्या गर्दीत तुम्हाला जपान कितपत भेटणार?

खाण्याचंही तेच. सात रंगांचा साखरेचा कापूस (बुढ्ढी के बाल) घ्यायचा, चेहऱ्यापुढे धरायचा, फोटो काढायचा आणि अर्धा टाकून द्यायचा. आम्ही बेदाण्याचा धंदा करतो. एक अवकाळी पाऊस रॅकवरचा माल काळा करतो. अन्न टाकलेलं बघवत नाही, मग ते सांगलीत असो की कोरियातल्या सोलमध्ये.

मिरजवाली
अण्णांच्या शेवटच्या वाक्याला माझं अनुमोदन. बाकी वाद तुम्ही घाला. मी खाण्याबद्दल लिहिते, कारण सांगली-मिरजेतून जाणाऱ्या गटात निम्मे शाकाहारी असतात आणि त्यातले बरेच जैन. त्यांना या रंगीत खाऊत काय असतं ते कोणी सांगत नाही.

गमी, मार्शमेलो, थरथरणारी पुडिंग यांत बऱ्याचदा जिलेटिन असतं, म्हणजे जनावराच्या हाडा-कातडीचं. आपल्याकडे पाकिटावर हिरवा ठिपका कायद्याने लागतो, जपानमध्ये तशी खूण नाही. तिथे साध्या दिसणाऱ्या रस्स्यात आणि सॉसमध्येही सुकवलेल्या माशाचं पाणी असतं. ताइयाकी हा जपानी केक, ती दिसते माशासारखी, पण आत लाल चवळीसारख्या कडधान्याचं गोड पुरण असतं. मासा नसतो, अंडं मात्र असू शकतं. मोची ही जपानी मिठाई चिकट तांदळाची, ती सहसा चालते, तरी आतलं सारण विचारून घ्या.

थायलंडमध्ये पिवळ्या झेंड्यावर लाल थाई अक्षरांत 'जे' (เจ) लिहिलेलं असतं, ते शोधा. त्यात मांस, मासे, अंडं, दूध नाही, आणि कांदा-लसूणही नाही. बऱ्याच वर्षी नवरात्राच्या सुमारास त्यांचा नऊ दिवसांचा शाकाहारी उत्सव असतो, तेव्हा हे झेंडे जागोजागी लागतात. बटाटा-गाजर मात्र 'जे' मध्ये चालतं, म्हणून कंदमूळ टाळणाऱ्यांनी ते वेगळं विचारावं. तैवान आणखी सोयीचं. तिथे पाकिटावर शाकाहाराचे प्रकार छापतात: निव्वळ शाकाहारी, दुधाचं, अंड्याचं, कांदा-लसणाचं, असं वेगवेगळं.

बबल टी, म्हणजे मणी घातलेला चहा, १९८० च्या दशकात तैवानमध्ये निघाला. त्याचा मान ताइचुंगचं एक दुकान आणि ताइनानचं एक दुकान, दोघंही सांगतात. त्यातले काळे मणी टॅपिओकाचे, म्हणजे आपल्या साबुदाण्याचीच जात. माझ्या सासूबाईंना हे सांगितल्यावर त्यांनी तो चवीने प्यायला. पण टॅपिओका हा कंदच आहे, हेही लक्षात असू द्या.

विट्याचा यंत्रमाग
मी कापडातला माणूस, त्यामुळे कपड्यांवर बोलतो.

प्लॅटिनममध्ये दोन हजारांवर गाळे आहेत आणि कारभार बराचसा घाऊक. तीन नग घेतले की भाव उतरतो, म्हणून तिघी-चौघींनी मिळून घेणं शहाणपणाचं. पण घालून बघायला बऱ्याच गाळ्यांत देत नाहीत. 'फ्री साइज' म्हणजे तिथल्या बारीक चणीच्या मुलीचं माप, आपल्याकडच्या अंगाला ते खांद्यात आणि छातीत अडकतं. घरून एक नीट बसणारा कुर्ता मापाला न्या, टेप न्या. बदलून मिळेल ही आशा ठेवू नका.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. कापड चिमटीत धरून बघा, बहुतेक पॉलिस्टर. थायलंडची आठवण म्हणून सगळे जी हत्तीच्या छापाची विजार आणतात, तिच्या चिनी नकलांवरून २०२४ च्या सुरुवातीला खुद्द थायलंडमध्ये ओरड झाली होती. म्हणजे पैसा तिथल्या कारागिराला मिळतोच असं नाही. आमच्याकडे यंत्रमाग भंगारात गेले ते असल्याच स्वस्त मालापुढे. तुम्ही ज्याला त्या देशाची आवड म्हणता, ते एकाच कारखान्यातून सगळीकडे जाणारं सामान असेल तर?

वारणाकाठ (सांगली)
दादा, तुमचा प्रश्न या धाग्यावरचा सगळ्यात अवघड आहे. चिनी माल तिथेही आहे, मान्य. म्हणूनच नुसतं 'खरेदी करू नका' न म्हणता कुठे करावी हे सांगायला हवं. चातुचाकला हजारो गाळे आहेत, त्यांत स्वतः छापून, शिवून विकणारे तरुण आहेत. त्यांच्याशी खुणांनी का होईना, बोलता येतं. कुठलं चित्र कोणी काढलं विचारलं की त्यांचा चेहरा खुलतो. मी त्यांच्याकडूनच घेणार.

अण्णा, फोटोसाठी अन्न टाकणं मलाही आवडत नाही. चौघींत एक घ्यावं, संपवावं, मग पुढचं. पण खाऊला सरसकट नाटक म्हणू नका. जपानमध्ये प्रवासाहून येताना कचेरीतल्या आणि शेजारच्या माणसांसाठी त्या त्या गावचा खाऊ आणतात, एकेक नग वेगळा बांधलेला, वाटायला सोपा. साताऱ्याहून येताना आपण कंदी पेढे आणतो, तसंच. किटकॅटच्या तिथे आजवर तीनशेच्या वर चवी निघाल्या, माचा (हिरव्या चहाची पूड), वसाबी (झणझणीत जपानी चटणी), रताळं, आणि त्यातल्या काही ठरावीक भागांतच मिळत आल्या. त्या पाकिटावरून कुठल्या भागात काय पिकतं ते कळतं.

आणि एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे. आमच्या गटातल्या एका वहिनी चोपन्न वर्षांच्या आहेत. हरभट रोडवर त्यांनी फिकट गुलाबी, सशाचं चित्र असलेला शर्ट उचलला तर दुकानदारच विचारतो, "नातीसाठी का?" आयुष्यभर त्यांनी वयाला शोभेल, घराला शोभेल, चारचौघांत चालेल असंच घेतलं. बँकॉकमध्ये तसा शर्ट घालून पन्नाशीच्या बायका आगगाडीत बसतात, कोणी वळून बघत नाही. वहिनींना ते बघायचंय, घालायचंय. याला उथळ म्हणणाऱ्याशी मी भांडणार.

कॉलेज कट्टा
काकू, शर्टाचं शंभर टक्के बरोबर. पण बंद डब्यातल्या बाहुल्यांबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही. पॉप मार्ट या चिनी खेळणी कंपनीची लाबूबू बाहुली घ्या. हाँगकाँगच्या कासिंग लुंग यांनी ती २०१५ मध्ये रेखाटली, २०२४ मध्ये ब्लॅकपिंक या कोरियन गानगटातल्या थाई गायिका लिसाने बॅगेला लावली आणि थायलंडमध्ये झुंबड उडाली. डबा उघडेपर्यंत आत कुठली ते कळत नाही, हवी ती मिळेपर्यंत लोक घेत राहतात. माझ्या मैत्रिणीने असेच पैसे घालवले. मला तो जुगार वाटतो. शिवाय नकली माल ढिगाने आहे. गोंडस आहे म्हणून सगळंच निरागस मानू नका.

अण्णा तासगाव
वहिनींनी शर्ट जरूर घालावा, त्याला माझी हरकत कधीच नव्हती. माझी हरकत यादीला आहे. तीन बाजार लिहिलेत, देवळाच्या नावाने एक ओळही नाही. अयुथ्या बँकॉकहून ऐंशी किलोमीटरच्या आसपास, रेल्वेने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. तो एक दिवस काढा, मग मी अंगठा देतो.

वारणाकाठ (सांगली)
एक दिवस काढला, अण्णा. सोमवार ठेवलाय. चातुचाकचे बरेच गाळे त्या दिवशी बंदच असतात. बंद डब्यातली बाहुली मात्र गटातलं कोणी घेणार नाही, हे आज सकाळीच ठरलं. दादा, टेपचं लक्षात आहे. माझ्या मापाचा कुर्ता बॅगेत भरला.