मदत हवी आहे: वसतिगृहात पीएचक्यू-९ चाचणी, पण समुपदेशक एकच

नमस्कार मंडळी. वसतिगृहातल्या ६०० विद्यार्थ्यांची पीएचक्यू-९ ही नैराश्याची लक्षणं तपासणारी चाचणी घ्यायची आहे. मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३ गुण. एकूण १० किंवा जास्त आले तर सविस्तर बोलायचं. हे निदान नाही, चाळणी आहे, हे मुलांना आधीच सांगणार आहोत.

खरी अडचण नवव्या प्रश्नाची. त्यात मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का, हे विचारलेलं असतं. बेरीज ४ च असली, पण तिथे १ आला, तरी भेट त्याच दिवशी व्हायला हवी. गूगल फॉर्म रात्री भरला गेला तर सकाळपर्यंत कोणी बघत नाही, म्हणून तो बेत सोडला. कागदावरच घेऊ: सोमवार ते गुरुवार, रोज ३० जण, सकाळी ११ च्या आत. म्हणजे पाच आठवडे. शुक्रवार मुद्दाम टाळलाय, कारण पुढे सुट्टी आणि खोल्या रिकाम्या. परीक्षेचे दिवसही नकोत. झोप, भूक, एकाग्रता यांचे गुण तेव्हा फुगतात.

एकाच सकाळी तीन-चार जणांचा नवव्या प्रश्नाला होकार आला तर पहिली भेट कोणी घ्यावी? प्रशिक्षण दिलेले प्राध्यापक चालतील का? रेक्टर समोर असले की मुलं खरं लिहीत नाहीत. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर देणारच आहोत, पण तो प्रत्यक्ष भेटीला पर्याय नव्हे. आणि पालकांना कधी कळवावं लागेल, हे चाचणीआधीच्या संमतीपत्रात कसं लिहिता? मराठी नमुना असेल तर कृपया इथे टाका.