‘बॅलन्स’ला काय म्हणाल : समतोल, तुल्यबळ की पासंग?
(बोलणाऱ्यांना त्यांच्या नागपुरातल्या वस्तीच्या नावानं ओळखायचं.)

मानेवाडा :
आम्ही तिघं मित्र मिळून डावपेचांचा एक खेळ तयार करतोय. नकाशा नागपूर, देवगड, चांद्याचा. काळ अठराव्या शतकाचा. भोसले, गोंड, निजाम, इंग्रज अशा चार फॅक्शन. प्रत्येकीकडे इतरांकडे नसलेलं काहीतरी आहे. भोसल्यांना शेजारच्या मुलखातून चौथ मिळते, गोंडांची माणसं जंगलातून न अडता जातात. नियम मराठीत लिहायला बसलो आणि इथेच अडलो : ‘प्रत्येक गटाची अद्वितीय क्षमता असून खेळ संतुलित आहे.’ बहिणीला ते आहारतक्त्यातलं वाक्य वाटलं. फॅक्शन, युनिक अ‍ॅबिलिटी, बॅलन्स, तिन्हींना बोलण्यातले शब्द सुचवा.

धरमपेठ :
‘पक्ष’ नको, निवडणूक आठवते. ‘जमात’ तर अजिबात नको, त्यातून गोंडांना वेगळं काढल्यासारखं होतं. त्या काळात राज्याला ‘दौलत’ म्हणत, तेच घ्या. अ‍ॅबिलिटीला ‘हातखंडा’.

चिटणवीसपुरा :
हातखंडा सरावानं येतो, जन्मजात नसतो. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ या संगणकावरच्या खेळातल्या हूणांना माणसं वाढवायला घरं बांधावी लागत नाहीत. हा काही त्यांचा हातखंडा नाही, ही मुभा आहे. गोंडांचं जंगल मात्र हातखंडाच. एकच शब्द सगळीकडे चालवला तर हा फरक मरेल. मी ‘खासियत’ म्हणेन.

गोकुळपेठ :
काहून शोधून राहिले शब्द? माझा भाचा नि त्याचे मित्र दिवसभर ‘हा ओपी आहे, याला नर्फ करा’ म्हणतात आणि सगळ्यांना समजतं. ‘नर्फ’ तरी कुठं शब्दकोशातून आला? मऊ फोमच्या खेळण्यांच्या ब्रँडचं नाव ते, हत्यार बोथट केलं की तसं म्हणायला लागले. बॅलन्स हा आता मराठीच शब्द आहे. मोबाइलचाही बॅलन्सच असतो ना?

धरमपेठ :
मोबाइलचा बॅलन्स म्हणजे शिल्लक. तेवढ्यासाठीच वेगळा शब्द हवा. आणि ‘ओपी’ला ‘वरचढ’ असताना अडलंय कुठं?

इतवारी :
‘पासंग’ कोणालाच कसा आठवला नाही? ‘त्याच्या पासंगालाही पुरणार नाही’ असं आपण रोज म्हणतो. तराजूची दोन पारडी मुळातच सारखी नसली, तर हलक्या बाजूला दगड किंवा पत्र्याचा तुकडा बांधतात, तो पासंग. माझे आजोबा धान्य घेताना आधी रिकामा तराजू उचलायला लावायचे. दांडी आडवी राहिली तरच पोतं उघडू द्यायचे.
हूणांचंच घ्या. घरांची मुभा आहे, पण सुरुवातीला १०० लाकूड कमी मिळतं. चिनी लोकांना ३ गावकरी जास्त, पण २०० अन्न आणि ५० लाकूड कमी. हा उघड उघड पासंग आहे.

चिटणवीसपुरा :
सुंदर शब्द. संग म्हणजे सोबत, वजनासोबतचं ते पासंग, असं आमचे गुरुजी सांगत.

इतवारी :
नाही. हा ‘संग’ फारसी, म्हणजे दगड. संगमरवरातला तोच.

गोकुळपेठ :
म्हणजे इंग्रजी नको पण फारसी चालते?

इतवारी :
चालते, कारण ती तीनशे वर्षं आमच्या बाजारात राबली आहे. तराजूही फारसीच.

धरमपेठ :
माझा विरोध वेगळा आहे. तराजूला पासंग आहे म्हटलं की गिऱ्हाईक सावध होतं. शब्दाला खोटेपणाचा वास आहे. नियमपत्रिकेत ‘पासंग’ वाचून खेळणाऱ्याला आपल्याविरुद्ध काही बांधलंय असंच वाटेल. ‘तुल्यबळ’ लिहा. वाघबकरीत वाघ थोडे, बकऱ्या पुष्कळ. चाली वेगळ्या, जिंकण्याच्या अटीही वेगळ्या. तरी डाव रंगतो. सारखे नाहीत पण तुल्यबळ आहेत.

मानेवाडा :
पण तुल्यबळ हा परिणाम झाला. तो आणायचा कसा, त्या कामाला शब्द हवाय. दर रविवारी खेळून पाहतो आणि चौथाईचा आकडा खालीवर करतो, ते काम.

चिटणवीसपुरा :
आकड्याला हात न लावताही ते होतं. ‘स्टारक्राफ्ट : ब्रूड वॉर’ या संगणकावरच्या खेळात टेरन, झर्ग, प्रोटॉस या तीन फॅक्शनमध्ये जवळजवळ काहीच समान नाही. तिथं तोल सांभाळणारा शेवटचा बदल २००१ साली आला. पुढं कोरियातल्या स्पर्धांनी नकाशे बदलून काम भागवलं. कुणी वरचढ होऊ लागला की खाणींची जागा, चढ, अरुंद वाटा बदलायच्या. याला पासंग म्हणता येणार नाही, इथं जमीनच हलवली आहे.

इतवारी :
जमीन हलवली तरी हलक्या पारड्याला हात दिलाच ना? पासंगच तो.

धरमपेठ :
मग सगळंच पासंग होईल.

गोकुळपेठ :
मानेवाडा, तुमच्या खेळात इंग्रजांची खासियत काय ठेवली? १८१७ ची सीताबर्डीच्या टेकडीवरची भोसले-इंग्रज लढाई आहे का? कवायती पलटणी दिल्या असतील तर भोसल्यांच्या घोडदळाला मोकळं मैदान जास्त ठेवा, नाहीतर दोन डावांत पोरं इंग्रजच घ्यायला भांडतील.

मानेवाडा :
आत्ताच भांडतात. टेकडी नकाशावर आहे, तिच्यावर तोफ चढली की डाव संपल्यात जमा. या रविवारी टेकडीचा चढ वाढवून पाहतो.

इतवारी :
चढ नका वाढवू, तोफेचा बैल महाग करा.