आठ जणांचा ग्रुप हेल्थ इन्शुरन्स बंद करून पैसे हातात द्यावेत का? (ओहायो)

छापखानावाला, कोलंबस:
नमस्कार मंडळी. माझं साइन-बोर्ड छापायचं दुकान आहे, आठ माणसं पगारावर. ५० फुल-टाइम माणसांच्या आतल्या धंद्याला इन्शुरन्स देण्याची सक्ती नाही हे ठाऊक असूनही अकरा वर्षं सगळ्यांना ग्रुप प्लॅन देतोय. हप्त्यातले ७० टक्के दुकान भरतं. १ जुलैच्या रिन्यूअलचा आकडा ब्रोकरने आधीच कळवलाय, १९ टक्के वाढ. तेव्हापासून रात्री नीट झोप नाही.

अकाउंटंट म्हणतो, ग्रुप बंद करा, प्रत्येकाचा पगार महिना ४०० डॉलरने वाढवा, मार्केटप्लेसवर, म्हणजे स्वतःपुरता प्लॅन घ्यायच्या सरकारी बाजारात, ज्याचं तो घेईल. सात जण तिशीच्या आसपासचे आहेत, त्यांचं निभेल. माझा जीव अडकलाय तो मशीनवाल्यात. वय ५९, एकटा राहतो, मधुमेह आहे. त्याची इन्सुलिनची पेनं दुकानाच्या फ्रीजमध्ये दुधाच्या डब्याशेजारी असतात, चहाला दूध काढताना रोज दिसतात. दुकान सुरू केलं तेव्हा मशीन लावायला हाच होता. त्याला बाहेर कोणी प्लॅन देईल का? दिला तर परवडेल का?

जुनी रहिवासी:
देतील, नाही म्हणूच शकत नाहीत. २०१२ साली नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा मी स्वतःपुरता प्लॅन मागितला होता. फॉर्मवर दमा लिहिला आणि पंधरा दिवसांत नकाराचं पत्र आलं. ते पत्र मी अजून ठेवलंय. २०१४ पासून आधीच्या आजारावरून नाकारता येत नाही, की त्यासाठी हप्ताही वाढवता येत नाही. वय मात्र मोजतात, साठीच्या उंबरठ्यावरच्या माणसाला तरुणाच्या तिपटीपर्यंत हप्ता लागू शकतो. तेव्हा तुमच्या मशीनवाल्यासाठी दार उघडं आहे, आत शिरायला किती पडेल ते बघायला हवं.

बेनिफिट्सवाला:
दादा, मी याच कामात आहे. पगार वाढवायचा सल्ला अजिबात ऐकू नका. मशीनवाल्याचा वर्षाचा पगार किती ते सांगाल का? आणि ओव्हरटाइम होतो का?

छापखानावाला, कोलंबस:
५८,०००. इतर वेळी ओव्हरटाइम नसतो, पण यंदा नोव्हेंबरात निवडणूक. सप्टेंबर-ऑक्टोबरात अंगणात रोवायच्या पाट्यांची इतकी कामं येतात की मशीन रात्री दहापर्यंत चालतं.

बेनिफिट्सवाला:
तीच भीती होती. मार्केटप्लेसच्या टॅक्स क्रेडिटला, म्हणजे हप्त्यासाठी सरकारकडून मिळणाऱ्या मदतीला, उत्पन्नाची मर्यादा आहे, दारिद्र्यरेषेच्या ४०० टक्के. २०२१ ते २०२५ या वर्षांत ती उठवली होती, वरच्या उत्पन्नालाही मदत मिळायची. ती सवलत २०२५ अखेर संपली. २०२६ साठी एकट्या माणसाची मर्यादा ६२,६०० डॉलर आहे. त्याच्या एक डॉलर वर गेलात की क्रेडिट शून्य.

आता तुमचंच गणित करा. ५८,००० मध्ये जुलै ते डिसेंबरचे ४०० प्रमाणे २,४०० मिळवले की ६०,४००. उरले २,२००. पाट्यांच्या सीझनमध्ये तेवढा ओव्हरटाइम सहज होईल. आगाऊ घेतलेलं जास्तीचं क्रेडिट परत करण्याला पूर्वी बऱ्याच जणांसाठी कमाल मर्यादा असायची, २०२६ पासून तीही काढली आहे. म्हणजे तुमच्या भल्यासाठी रात्री दहापर्यंत थांबलेल्या माणसाला टॅक्स भरताना सगळं क्रेडिट परत करावं लागेल, आणि तुम्ही दिलेल्या वाढीवर टॅक्स कापला जाईल तो वेगळाच.

पैसे द्यायचेच असतील तर इक्रा (ICHRA) करा, म्हणजे हप्त्याची भरपाई देणारी योजना. २०२० पासून ही सोय आहे. माणूस स्वतः प्लॅन घेतो, हप्त्याची पावती दाखवतो, तुम्ही ठरलेल्या रकमेपर्यंत भरपाई देता. ती त्याचं उत्पन्न धरत नाहीत. यातली मला फार आवडणारी गोष्ट म्हणजे वयानुसार रक्कम वाढवता येते, मोठ्याला लहानाच्या तिपटीपर्यंत. नियम सगळ्यांना एकच, पण ५९ वर्षांच्या माणसाच्या वाट्याला त्याच्या हप्त्याच्या मानाने पैसे येतात. मात्र भरपाई घेतली की क्रेडिट नाही, दोन्ही एकदम मिळत नाही. नोटीस ९० दिवस आधी द्यावी लागते, तेव्हा १ जुलै गाठायचा तर वेळ कमी आहे.

घरची बाजू:
दादा, मी मालक नाही, नोकरदाराची बायको. बाकीच्या सात जणांच्या घरीही विचारा. ह्यांची कंपनी ह्यांचा हप्ता भरायची, माझा आणि मुलांचा भाग आमच्या पगारातून कापला जायचा. ह्यांच्या एकट्याचा हप्ता परवडणारा म्हणून आम्हालाही क्रेडिट नाकारलं. २०२३ पासून कुटुंबाचा हप्ता वेगळा तपासतात, तेव्हा कुठे मुलांना मार्केटप्लेसवर घेता आलं. तुमच्याकडेही कोणाची बायको अशी अडकून पडलेली असेल आणि तुमच्या कानावर आलं नसेल.

छापखानावाला, कोलंबस:
ताई, खरंच कधी विचारलं नव्हतं. आज दोघांना विचारलं. एकाच्या घरी अगदी हेच आहे, आणि तो तीन वर्षं गप्प होता.

मशीनवाल्यालाही जेवणाच्या सुट्टीत सगळं समजावलं, ६२,६०० चं गणित कागदावर मांडून. आकड्यांबद्दल त्याने काही विचारलं नाही. एवढंच म्हणाला, माझी डॉक्टर बदलावी लागेल का? अकरा वर्षं एकाच डॉक्टरकडे जातोय. शनिवारी दुकान बंद झालं की आम्ही दोघं बसून मार्केटप्लेसवरच्या एकेका प्लॅनच्या यादीत तिचं नाव शोधणार आहोत. त्याची इन्सुलिन औषधांच्या यादीत आहे का तेही. सापडलं तर सोमवारी इक्राची नोटीस काढतो. नाही सापडलं तर ग्रुप चालूच ठेवीन, नवीन लॅमिनेटर पुढच्या वर्षी घेऊ.