प्रति: एआय आणि मराठी शिकणं
"बृहन्महाराष्ट्रातल्या मुलांना घरबसल्या मराठीचा मास्तर मिळाला" हे एआयबद्दलचं म्हणणं लिहिण्या-वाचण्यापुरतं मान्य. बोलण्याचं मात्र तसं नाही, निदान आमच्या इंदुरात. भाची इंग्रजी शाळेतली. घरी मराठी, गल्लीत हिंदी. फोनवरच्या अ‍ॅपशी "आजीने पोहे केले, मग आम्ही राजवाड्यावर गेलो" असं साधंच काही बोलायला लागते आणि दोन वाक्यांत अ‍ॅप हिंदीवर घसरतं. आमच्या बोलण्याची चालच हिंदीच्या अंगाने जाणारी, त्याला तरी काय बोलणार! मग पोरगीही हिंदीतच सुरू होते. सेटिंगमध्ये भाषा आपोआप ओळखू न देता मराठी पक्की केली, तर बरंच सुधारतं.

मुळात यंत्राने ऐकलेलंच कमी. ओपनएआयचं व्हिस्पर, म्हणजे बोललेलं ऐकून लिहून काढणारं मॉडेल, २०२२मध्ये आलं, ते ६,८०,००० तासांच्या आवाजावर शिकलेलं. त्यातले जवळपास दोन तृतीयांश तास निव्वळ इंग्रजीचे. उरलेल्यात मराठीचा वाटा केवढा, आणि त्यात इंदूर-ग्वाल्हेरचा तो काय असणार? यंत्रांना शिकवायला लोकांचे आवाज गोळा करणाऱ्या मॉझिलाच्या कॉमन व्हॉइसवर मराठी आहे, तिथे कुणीही आवाज देऊ शकतं. समोर आलेली वाक्यं वाचायची, दुसऱ्यांची ऐकून बरोबर-चूक सांगायचं, बस. इकडच्या रिकाम्या काका-मावश्यांना दुपारचं काम आहे हे.