कमांड-लाइनवरील उलटी गणती: हलता आकडा हवा की एकच ओळ?

धागाकर्ता:
कमांड-लाइनवर, म्हणजे आज्ञा टाइप करून, चालवलेल्या स्क्रिप्टला (छोट्या प्रोग्रॅमला) पुढच्या प्रयत्नाआधी दहा मिनिटे थांबायचे असेल, तर दर सेकंदाला बदलणारा आकडा दाखवू नये, असे माझे मत आहे. ‘१४:०५ वाजता पुन्हा प्रयत्न होईल’ एवढी एक ओळ छापून तिने गप्प बसावे. आकडा जागच्या जागी बदलण्यासाठी कॅरेज रिटर्न (कर्सरला ओळीच्या आरंभी नेणारे चिन्ह) वापरावा लागतो आणि आउटपुट फाइलमध्ये वळवले की सहाशे आकडे एकापुढे एक चिकटून लॉगमध्ये जातात. शिवाय पुष्कळ जण दर फेरीला एक सेकंद ‘स्लीप’ (थांबण्याची आज्ञा) करून एक वजा करतात. छपाईला लागणारा वेळ प्रत्येक फेरीत त्यात मिसळतो आणि गणती हळूहळू मागे पडते.

प्रतिसाद १:
असहमत. आउटपुट टर्मिनलला (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीला) जोडलेले आहे की नाही, हे बॅशमध्ये (त्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) एका अटीने तपासता येते; नसेल तेव्हा तुमची एक ओळ खुशाल छापावी. गणती मागे पडते ती मोजण्याच्या पद्धतीमुळे. संपण्याची वेळ सुरुवातीलाच ठरवून दर फेरीला तीतून आत्ताची वेळ वजा केली, तर एखादी फेरी उशिरा झाली तरी चूक साठत नाही. पायथन भाषेत त्यासाठी ‘मोनोटॉनिक’ (कधीही मागे न जाणारे) घड्याळ घ्यावे, कारण मध्येच कोणी संगणकाची वेळ बदलली तरी ते ढळत नाही. आणि दहा मिनिटे निश्चल पडदा पाहणारा माणूस स्क्रिप्ट अडकली असे समजून ती थांबवायला कंट्रोल-सी दाबतो, हे मी स्वतः केले आहे.

धागाकर्ता:
म्हणूनच मी वेळ छापायला सांगतो. कॅरेज रिटर्न कर्सरला फक्त ओळीच्या आरंभी नेतो, काही पुसत नाही; त्यामुळे १० नंतर ९ ऐवजी ९० दिसते. कर्सर लपवलेला असताना कोणी कंट्रोल-सी दाबले, तर तो परतही येत नाही.

प्रतिसाद २:
दोन्ही अडचणी जुन्या आहेत. आकडा दोन अंकी छापावा किंवा ओळीचा उरलेला भाग पुसणारा एस्केप संकेत जोडावा. कर्सर ‘ट्रॅप’मधून (स्क्रिप्ट थांबवली जाताना ठरलेली आज्ञा चालवण्याच्या बॅशमधील सोयीने) परत आणावा. माझा आक्षेप वेगळा आहे: स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) वापरणाऱ्याला प्रत्येक बदल ऐकावा लागू शकतो. म्हणून मी शेवटच्या दहा सेकंदांपर्यंत आकडा दर दहा सेकंदांनीच बदलतो आणि तो बंद करण्याचा पर्यायही ठेवतो.

प्रतिसाद १:
हे मान्य. फक्त गणती संपल्यावर नवी ओळ छापावी, नाहीतर पुढचा संदेश शेवटच्या शून्याला चिकटतो.