गुळगुळीत स्लिक टायरला खाचा कशासाठी?

वळणवेडा: स्लिक म्हणजे सपाट टायर ना? मग फॉर्म्युला वनच्या जुन्या फोटोंत कोरड्या ट्रॅकवरही टायरला चार सरळ खाचा दिसतात, त्या कशाला? पावसाचे टायर तर वेगळेच असतात. आणि काही जण स्लिकवर गरम पात्याने खाचा पाडतात, त्याने पकड वाढते की घटते?

रबरघाशा: फोटोतल्या खाचा पकड घटवायलाच होत्या. 1998 ते 2008 नियमच तसा होता: खाच वर 14 मिमी रुंद, तळाशी 10, खोली 2.5. पहिल्या वर्षी पुढच्या टायरला तीन, मागच्याला चार. 1999 पासून सगळ्यांना चार. टेकणारं रबर कमी झालं की उरलेल्यावर दाब वाढतो, पण दाबाच्या प्रमाणात रबराची पकड वाढत नाही. त्यामुळे वळणातला वेग उतरतो.

शिवाय खाचांमधल्या पट्ट्या सुट्या पडतात. वळणात त्या आडव्या लवतात, तापतात, कडेचं रबर दाण्यादाण्याने सुटून टायरलाच चिकटतं. यालाच ग्रेनिंग म्हणतात. टायर झिजला की खाच उथळ आणि अरुंद होते, पट्टी ताठ होते, टेकणारं रबर वाढतं. म्हणजे नियमाचा जाच झिजेबरोबर थोडा सैलावायचा!

ओलाट्रॅक: हाताने पाडलेल्या खाचांचं गणित उलटं. पाण्याला वाट हवी म्हणून त्या पाडतात. कोरड्यात पकड घटणारच. पिरेली या टायर कंपनीच्या आकड्यांनुसार ताशी 300 किमीला त्यांचा पूर्ण पावसाळी टायर सेकंदाला 85 लिटर पाणी बाजूला सारतो, कमी ओल्या ट्रॅकसाठीचा इंटरमीडिएट टायर 30. स्लिकमध्ये पाणी जायला जागाच नाही, टायर तरंगतो.

आधी आतली कड, मध्य आणि बाहेरची कड अशी तीन ठिकाणी रबराची जाडी मोजा. सर्वांत कमी भरेल त्यातून निदान 1 मिमी सोडून पात्याची खोली लावा. यू आकाराचं पातं घ्या. टोकदार खाचेच्या तळातून चीर जाते. पातं नीट तापू द्या आणि एका संथ गतीने ओढा. थंड पातं अडकतं, रबर ओरबाडतं. आतले दोरे दिसले तर टायर बाद, तिथे डागडुजी नाही. खाचा दाटीने पाडल्या तर पट्ट्या लवून तापतात आणि ट्रॅक सुकू लागताच तुकडे उडतात.

वळणवेडा: आणि नव्या स्लिकवरची बारीक छिद्रं? तीही पाण्यासाठीच का?

रबरघाशा: नाही, ती झीज मोजायला. डेप्थ गेजचं टोक त्यातच घालायचं. वर सांगितलेली जाडी तिथूनच मिळते, फक्त छिद्रात अडकलेले रबराचे कण आधी काढा, नाहीतर माप कमी दिसेल.